काळजी : कर्करोगाच्या रुग्णाशी बोलण्याचा इतिहास

मराठीत 'काळजी' हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरला जातो. काळजी वाटते आणि काळजी घेतलीही जाते. रुग्णाला काळजी वाटते आणि वैद्य काळजी घेतो, एवढे सांगितले की वैद्यकाचे अर्धे वर्णन पूर्ण होते. पण या दोन काळज्यांची गाठ नेहमी पडतेच असे नाही. कर्करोगाच्या बाबतीत तर जवळजवळ दोनशे वर्षे अशी रीत होती की, काळजी घेणाऱ्याने काळजी वाटणाऱ्याशी त्याच्या काळजीविषयी बोलायचेच नाही. न बोलणे हीच काळजी घेण्याची पद्धत मानली गेली.

ही रीत कशी रुजली आणि कशी मोडली, आणि मोडल्यावरही मूळ प्रश्न का सुटला नाही, हे येथे पाहायचे आहे. "बाबांना काही सांगू नका, डॉक्टर" हे वाक्य आपल्याकडे आजही दवाखान्याच्या दाराशी ऐकू येते. म्हणून हा इतिहास आम्हांला निव्वळ परदेशी वाटत नाही.

जुने दाखले

मौनाचा सल्ला प्राचीन आहे. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात 'डेकोरम' नावाचे एक प्रकरण आहे. उपचार करताना रुग्णापासून बहुतेक गोष्टी लपवाव्यात, त्याची सद्यःस्थिती वा भवितव्य उघड करू नये, असे त्यात वैद्याला बजावले आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरूने शिष्याला करावयाचा उपदेश येतो. त्यात या विषयावर एक सूचना आहे. रुग्णाचे आयुष्य सरत आल्याचे वैद्याला कळले, तरी ते सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला आघात होणार असेल तेथे त्याने ते सांगू नये.

चरकाच्या सूचनेतली अट नजरेआड करू नये. 'कधीच सांगू नये' असे ती म्हणत नाही, 'जेथे आघात होईल तेथे' असे म्हणते. म्हणजे समोरचा माणूस कोण आहे, त्याला काय पेलेल, हे आधी पाहण्याची जबाबदारी ती वैद्यावर टाकते. पुढे व्यवहारात अट गळून पडली आणि निषेध तेवढा शिल्लक राहिला.

आधुनिक पाश्चात्त्य वैद्यकात या मौनाला नियमाचे रूप दिले ते मँचेस्टरच्या टॉमस पर्सिव्हल यांनी. त्यांचे 'मेडिकल एथिक्स' १८०३ साली प्रसिद्ध झाले. वैद्याने आजाऱ्यापुढे निराशेची भाकिते करू नयेत, आशा व दिलासा देणारा व्हावे, धोक्याची वेळीच कल्पना द्यायची ती रुग्णाच्या आप्तमित्रांना आणि अगदी अपरिहार्य असेल तरच स्वतः रुग्णाला, असा त्यांचा विचार. १८४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनची फिलाडेल्फियात स्थापना झाली, तेव्हा तिच्या आचारसंहितेत हाच विचार जवळजवळ जसाच्या तसा उतरला. रुग्णाचे आयुष्य वैद्याच्या कृतीनेच नव्हे, तर त्याच्या शब्दांनी आणि वागण्यानेही कमी होऊ शकते, असेही ती संहिता म्हणत होती.

येथे थोडे थांबले पाहिजे. 'आधी नातेवाइकांना सांगायचे' ही पद्धत खास आपल्या कुटुंबसंस्थेतून आली, असे आपण समजतो. ती पाश्चात्त्यांच्या व्यक्तिवादाच्या अगदी विरुद्ध आहे असेही म्हटले जाते. पण ती १८०३ साली मँचेस्टरमध्ये छापलेली सापडते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड-अमेरिकेत तीच चालू होती. ज्याला आपण आपली संस्कृती म्हणतो, त्याचा बराचसा भाग हा वैद्यकाचाच जुना शिरस्ता आहे.

त्या काळीही विरोधी सूर नव्हता असे नाही. अमेरिकेतील वर्थिंग्टन हूकर या डॉक्टरांनी १८४९ साली 'फिजिशियन अँड पेशंट' या पुस्तकात रुग्णाला फसवण्याच्या रिवाजावर टीका केली. सत्याने होणारी हानी आपण फुगवून सांगतो, आणि फसवणूक कधी ना कधी उघडी पडतेच, मग विश्वासच उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचे म्हणणे त्यांच्या व्यवसायाने शंभर वर्षे ऐकले नाही.

ज्यांना सांगितले नाही ते

डॉक्टरांनी काय लिहिले ते आपण पाहिले. रुग्णांच्या बाजूची कागदपत्रे थोडी आहेत, पण जी आहेत ती बोलकी आहेत.

इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांच्या स्तनावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याचा शोध अजून पस्तीस वर्षे दूर होता. नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शल्यविशारद लारी यांनी ती केली. शस्त्रक्रियेचा दिवस त्यांना आधी कळवलाच नव्हता. रुग्णाला वाट पाहण्याची यातना नको, म्हणून ऐनवेळी, काही तासच आधी निरोप आला. या प्रसंगाचे वर्णन त्यांनी पुढच्या वर्षी आपल्या बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात केले आहे. ते वाचताना जाणवते की, सुरीइतकीच ती अनिश्चिततेची वाट पाहणे त्यांच्या मनात रुतून राहिले होते. गंमत अशी की, त्यांनीही आपल्या पतीपासून तो दिवस लपवला आणि त्या वेळी ते घराबाहेर राहतील अशी व्यवस्था केली. लपवण्यामागे प्रेम असू शकते, याचा हाही पुरावा आहे. बर्नी पुढे जवळजवळ तीस वर्षे जगल्या.

दुसरे उदाहरण सिग्मंड फ्रॉइड यांचे. १९२३ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांच्या तोंडातील गाठ काढण्यात आली. त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइच यांना रोग ओळखता आला होता, पण त्यांनी तो कर्करोग असल्याचे फ्रॉइड यांना सांगितले नाही. निकटच्या सहकाऱ्यांना मात्र ते ठाऊक झाले. माणसाच्या मनातले दडलेले उघड करण्यात ज्याने आयुष्य घालवले, त्याच्याच शरीरातले सत्य त्याच्या शिष्यांनी दडवून ठेवावे, हा विरोधाभास लहान नाही. खरे कळल्यावर फ्रॉइड यांचा डॉइच यांच्यावरील डॉक्टर म्हणून असलेला विश्वास उडाला. आपल्याला न सांगण्याविषयी सहकाऱ्यांत चर्चा झाली होती हे त्यांना पुष्कळ वर्षांनी, लंडनमध्ये, अर्नेस्ट जोन्स यांच्याकडून समजले. कोणत्या अधिकाराने, असा त्यांचा संतप्त प्रश्न होता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मॅक्स शुर यांना वैयक्तिक डॉक्टर म्हणून स्वीकारताना त्यांनी पहिली अट घातली ती नेहमी खरे सांगण्याची. त्यानंतर सप्टेंबर १९३९मधील मृत्यूपर्यंत शुर त्यांच्याजवळ राहिले. तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसणाऱ्या या रुग्णाने सत्य पेलले. त्याला असह्य झाली ती फसवणूक.

आकड्यांत सापडलेले मौन

१९५३ साली फिलाडेल्फियातील ४४२ डॉक्टरांची उत्तरे फिट्स आणि रॅव्हडिन या दोन शल्यचिकित्सकांनी प्रसिद्ध केली. कर्करोग झाल्याचे रुग्णाला सांगता का, हा प्रश्न होता. १२ टक्के डॉक्टर कधीच सांगत नव्हते, ५७ टक्के सहसा सांगत नव्हते. नेहमी सांगणारे ३ टक्के होते. ज्या शहरात १८४७ची संहिता मंजूर झाली, तेथे १०६ वर्षांनंतरही पर्सिव्हल जिवंत होते.

१९६१ साली शिकागोतील मायकल रीस रुग्णालयातील २१९ डॉक्टरांचा अभ्यास डोनाल्ड ओकेन यांनी केला. सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. ओकेन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यामुळे ते आकड्यावर थांबले नाहीत. हे मत कशावरून बनले, असे त्यांनी विचारले. बहुतेकांनी 'अनुभव' असे उत्तर दिले. पण ज्यांच्या गाठी फारसा अनुभव नव्हता त्या तरुण डॉक्टरांचेही मत तेच होते, आणि उलट करून पाहिल्याचा अनुभव फार थोड्यांजवळ होता. ओकेन यांचा निष्कर्ष असा की, अनुभव हे नंतर शोधलेले कारण होते. मुळात होती ती डॉक्टरांची स्वतःची भावना : हतबलता, निराशा, मृत्यूची भीती.

आणि रुग्णांना काय हवे होते? त्याआधीच, १९५० साली, केली आणि फ्रीसेन यांनी शंभर कर्करोगग्रस्तांना हे विचारले होते. त्यांपैकी ८९ जणांनी आपल्याला सांगितलेले हवे असे म्हटले होते. दोन्ही आकडे वैद्यकीय नियतकालिकांत छापलेले होते. मौन रुग्णासाठी आहे ही समजूत त्यांच्यापुढे टिकत नाही.

मग त्या मौनात रुग्णाचे नेमके काय होत असे? बार्नी ग्लेसर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत याचे निरीक्षण केले आणि १९६५ साली 'अवेअरनेस ऑफ डाइंग' हे पुस्तक लिहिले. त्यांना चार अवस्था दिसल्या. पहिलीत सर्वांना माहीत असते, रुग्णाला नसते. दुसरीत रुग्णाला संशय येतो आणि तो चाचपू लागतो. तिसरीत सर्वांना माहीत असते, पण प्रत्येक जण माहीत नसल्याचे सोंग करतो. चौथीत उघड बोलले जाते.

तिसरी अवस्था आपल्या घरांना नवीन नाही. वडिलांना सारे कळलेले असते, पण मुलाला त्रास नको म्हणून ते विचारीत नाहीत. मुलगा वडिलांना त्रास नको म्हणून बोलत नाही. आई दोघांकडे पाहून पदराआड डोळे पुसते. महाराष्ट्रात 'टाटाला नेले' एवढे म्हटले की ऐकणारा समजतो. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि त्याचे नावच जणू निदान होऊन बसले. त्या दारातून आत जाणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असे मानणे म्हणजे त्याला वाचता येत नाही असे मानण्यासारखे आहे. अशा सोंगाने काळजी कमी होत नाही, ती वाहायला माणूस एकटा उरतो.

मौन मोडले

१९७९ साली नोव्हॅक आणि सहकाऱ्यांनी ओकेन यांचीच प्रश्नावली रॉचेस्टर विद्यापीठाच्या रुग्णालयातील डॉक्टरांकडे पाठवली. उत्तरे देणाऱ्या २६४ डॉक्टरांपैकी ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत चित्र उलटे झाले. वैद्यकाच्या इतिहासात मते इतक्या वेगाने क्वचितच बदलली असतील.

कारणे अनेक होती. उपचार सुधारले. केमोथेरपीची वारंवार आवर्तने द्यायची तर रुग्णाला कशासाठी ते सांगावेच लागे. न्युरेंबर्गच्या खटल्यानंतर प्रयोगांसाठी माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरली आणि अमेरिकी न्यायालयांनी १९५०च्या दशकापासून ती उपचारांनाही लागू केली. पण आम्हांला अधिक महत्त्वाची वाटतात ती ऐकणारी आणि प्रश्न विचारणारी माणसे. आणि त्यांत स्त्रिया आघाडीवर होत्या, हा योगायोग नसावा.

सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. लंडनमध्ये १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. त्याआधीच्या वर्षांत त्या रुग्णांचे बोलणे टेपवर ध्वनिमुद्रित करीत. रुग्णाला काय सांगावे यापेक्षा रुग्णाला आपल्याला काय सांगू द्यावे, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला. त्यांची 'समग्र वेदना' ही कल्पना त्यातूनच आली : दुखणे शरीराचे असते, तसेच पैशांच्या विवंचनेचे, मुलांच्या काळजीचे आणि 'हे माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचेही असते.

शिकागोत एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी मरणासन्न रुग्णांशी विद्यार्थ्यांसमोर संवाद करण्याचे ठरवले, तेव्हा त्या मोठ्या रुग्णालयात असा एकही रुग्ण नसल्याचे त्यांना सांगण्यात आले. रुग्ण मिळाल्यावर मात्र ते बोलायला उत्सुक असल्याचे दिसले. १९६९च्या त्यांच्या पुस्तकातील पाच अवस्थांवर पुढे बरीच टीका झाली, आणि ती योग्यच आहे. माणसे पायऱ्या मोजून शोक करीत नाहीत. पण खाटेजवळ बसून विचारण्याचे त्यांचे धैर्य त्या टीकेने कमी होत नाही.

रोझ कुशनर यांना १९७४ साली स्तनात गाठ आढळली. तेव्हाची पद्धत अशी की, भूल देऊन गाठीचा तुकडा तपासायचा आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. शुद्धीवर आल्यावर हात लावून पाहणे, हेच त्या स्त्रीला मिळणारे निदान. कुशनर यांनी तपासणी आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये दिवस मागितला, अनेक शल्यचिकित्सकांनी नकार दिला, पण त्यांनी माघार घेतली नाही. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञमंडळाने दोन टप्प्यांची पद्धत मान्य केली. त्या मधल्या दिवसांत बोलणे होऊ शकते. कुशनर यांनी मिळवला तो विचार करण्याचा वेळ.

सांगणे म्हणजे बोलणे नव्हे

येथे इतिहास संपला असता तर बरे झाले असते. पण मौन गेले आणि त्याच्या जागी पुष्कळदा नुसती माहिती आली. 'चौथी स्टेज आहे, केमो सुरू करू, बाहेर सही करा.' हे सत्य खरेच, पण त्यात समोरच्या माणसाला जागा नाही.

१९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत. आपले म्हणणे पुरे करू शकलेल्यांचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून कमी होते. मँचेस्टरमध्ये पीटर मॅग्वायर यांनी १९७८ साली दाखवले की, स्तन काढलेल्या चारांतील एका स्त्रीला वर्षभरानंतरही चिंता किंवा नैराश्य यांसाठी उपचारांची गरज होती. रुग्णाच्या मनापासून दूर राहण्यासाठी डॉक्टर कोणत्या युक्त्या वापरतात, त्याचेही त्यांनी वर्णन केले. विषय बदलणे. फक्त शारीरिक तक्रारीविषयी विचारणे. आणि सर्वांत सोज्ज्वळ दिसणारी युक्ती म्हणजे घाईचा दिलासा.

"डॉक्टर, मला फार भीती वाटते."

"घाबरू नका, सगळं ठीक होईल."

हा संवाद आपल्याला प्रेमळ वाटतो. पण दुसरे वाक्य पहिल्याला उत्तर देत नाही, ते त्याचे दार लावते. भीती कशाची, हे विचारलेच गेले नाही. मरणाची, दुखण्याची, केस जाण्याची, की शेतावरच्या कर्जाची? रुग्णाला एवढेच समजते की, या माणसापुढे भीतीविषयी बोलायचे नसते. त्याऐवजी "कशाची भीती वाटते?" एवढे विचारले, आणि उत्तरानंतर "आणखी काय मनात येतं?" असे पुन्हा विचारले, तर काळजीची एक यादी तयार होते. त्यातल्या काही काळज्या त्याच बैठकीत मिटवता येतात. न मिटणाऱ्या निदान दोघांना माहीत होतात.

प्रश्नाच्या घडणीलाही महत्त्व आहे. "अजून काही नाही ना?" हा प्रश्न 'नाही' हे उत्तर हातात देऊनच विचारलेला असतो. २००७ साली जॉन हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी इंग्रजीतील अशाच दोन प्रश्नांची तुलना केली. एकाच शब्दाच्या फरकाने रुग्णांच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी मोठ्या प्रमाणात घटल्या.

वाईट बातमी सांगण्याची पद्धत शिकवता येते, हा विचार रॉबर्ट बकमन यांनी प्रभावीपणे मांडला. त्यांनी, वॉल्टर बेल यांनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली सहा पायऱ्यांची एक रीत प्रसिद्ध केली. ती थोडक्यात अशी : निवांत जागा पाहून बसावे, रुग्णाला काय समजले आहे ते आधी विचारावे, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारावे, मग सोप्या शब्दांत, थोडे थोडे सांगावे, त्यावर उमटणारी भावना ओळखून तिला वाव द्यावा, शेवटी पुढे काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवावे. सहा पायऱ्यांत सांगणे चौथ्या क्रमांकावर येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिसऱ्या पायरीत 'मला नको सांगू' म्हणण्याचा हक्कही आहे, मात्र तो रुग्णाने वापरायचा, त्याच्या वतीने दुसऱ्याने नव्हे. चरकाची गळून पडलेली अट अशी वेगळ्या वाटेने परत आली, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत सुरू झाले. पण नियमांची भाषा जुनीच राहिली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत आजाराचे गांभीर्य वाढवून किंवा कमी करून सांगू नये असे म्हटले आहे. पण ते कळायला हवे ते 'रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना'. या 'किंवा'मध्ये पर्सिव्हल यांची सावली दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात वेगळी दिशा दाखवली. तो खटला कर्करोगाचा नव्हता. तपासणीसाठी भूल दिलेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढले गेले होते. तातडीची स्थिती नसताना सज्ञान रुग्णाऐवजी आईने दिलेली संमती ग्राह्य नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. कुशनर यांचा आग्रह चौतीस वर्षांनी दिल्लीत ऐकू आला म्हणायचा. २०१९पासून वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात संवाद व नीती यांचा स्वतंत्र भाग आला आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. ओपीडीबाहेर केसपेपर घेऊन शंभर माणसे उभी असताना डॉक्टरने बोलायचे केव्हा? याचे पूर्ण उत्तर अधिक डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक हेच आहे. पण एक लहान उत्तरही आहे. १९९९ साली फोगार्टी आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांच्या दोन गटांना कर्करोगतज्ज्ञाच्या सल्लामसलतीची चित्रफीत दाखवली. दोन्ही फितींत माहिती तीच होती, एकीत मात्र सहानुभूतीची काही वाक्ये अधिक होती : हे कठीण आहे हे मला समजते, आपण यात बरोबर आहोत, अशा अर्थाची. ती फीत पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता कमी भरली. त्या वाक्यांना लागलेला वेळ होता ४० सेकंद.

कुटुंबाला बाजूला सारावे असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे रुग्ण एकटा दवाखान्यात येत नाही, आणि ते भाग्यच आहे. "बाबांना सांगू नका" म्हणणाऱ्या मुलालाही काळजीच वाटत असते. त्याला झिडकारण्यापेक्षा "तुम्हाला कशाची भीती वाटते?" हा प्रश्न आधी त्यालाही विचारावा. मग बाबांना विचारावे : "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं? सगळं तुमच्याशी बोलू, की मुलाशी?" काही बाबा म्हणतील, त्याच्याशीच बोला. पुष्कळसे म्हणतील, मला केव्हाचे ठाऊक आहे, कुणी विचारीतच नव्हते.